भाकरीच्या कडा

"काका, तुम्ही खाता तरी काय?" डॉक्टर आसिफांनी विचारलं, आणि भिंतीलगतच्या स्टुलावर बसलेल्या मालनबाईंनी मान खाली घातली. प्रश्न त्यांना नव्हता. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. त्यांचे यजमान बद्रीनाथराव टेबलासमोरच्या खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून ताठ बसले होते, आणि डॉक्टरीणबाई हातातला कागद पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेत होत्या. तीन महिन्यांच्या साखरेचा कागद होता तो. घरी रोज सकाळी बोटाला टोचून बघतात ती साखर त्या घडीची. ही तीन महिन्यांची, सगळ्या दिवसांची, सगळ्या जेवणांची मिळून. कागदावर दहा पूर्णांक सहा असा आकडा होता. दीड वर्षापूर्वी तो सातच्या आसपास होता. मालनबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण सातापेक्षा दहा मोठे एवढं त्यांना कळत होतं, आणि हे दहा कुठून आले तेही कळत होतं.

"ज्वारीची भाकर, मॅडम," बद्रीनाथराव म्हणाले. पेपरात नाव छापून आल्यासारखा आवाज. "सकाळी दोन, सांजच्याला दोन. गहू बंद करून पाच वर्षं झाली. अन् भाकर बी हॉटेलातली न्हाई, हिच्या हातची. तव्यावरची डायरेक्ट ताटात." मालनबाईंनी उजवा हात पदराखाली ओढून घेतला.

"मग खाणं तर बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. वयानं लहान बाई, पण समजावून सांगायची हौस. "भाकरी, डाळ, मोडाची उसळ, पालेभाजी, हे सगळं पोटात सावकाश जिरतं. त्याची साखर रक्तात हळूहळू उतरते, शरीराला पेलते. मैदा, पांढरा भात, साबुदाणा, बिस्किटं यांचं तसं नसतं. गेलं पोटात की लगेच साखर वर. तुम्ही इतकं सांभाळून खाताय आणि तरी आकडा चढतोय, म्हणजे गोळी कमी पडतेय." त्यांनी सकाळची गोळी दुप्पट केली. कागदावर लिहिताना बोलत राहिल्या, "ही घेतल्यावर जेवण चुकवायचं नाही हं काका. आहे हेच खाणं, एवढंच, याच वेळेला. तीन आठवड्यांनी बघू. नाही उतरली तर इन्सुलिन."

मैदा हा शब्द त्या किती सहज बोलून गेल्या. मालनबाईंना वाटलं, आता सगळे वळून आपल्याकडे बघणार. दारातली नर्स, वजनकाट्यावर उभा असलेला माणूस, भिंतीवरच्या चित्रातलं ते लालभडक काळीजसुद्धा. कुणी बघितलं नाही. पंखा फिरत होता. आत्ता सांगावं, असं मनात आलं खरं. पण काय सांगायचं? मॅडम, ती भाकरी निव्वळ ज्वारीची नसते? नवऱ्यानं आत्ताच, इतक्या ताठ मानेनं, चारचौघांत आपल्या हाताचं नाव घेतलेलं असताना? त्या उठल्या, औषधाची पिशवी डाव्या हातात घेतली आणि नवऱ्याच्या मागोमाग जिना उतरल्या.

रिक्षात बसल्यावर गांधी चमन मागे पडलं, पूल आला, खालची कुंडलिका नदी नेहमीसारखी हिरवी आणि गप्प होती, आणि मालनबाईंना आपली न्हाणी आठवली. दीड वर्षापूर्वी त्या न्हाणीत पाय घसरला होता. पडताना उजवा हात खाली टेकला आणि मनगटात काहीतरी बारीक वाजलं. प्लास्टर सहा आठवडे. तेवढ्यापुरतं जाफराबादहून अक्का आल्या, बद्रीनाथरावांची थोरली बहीण. साठी उलटलेली बाई, पण परातीसमोर बसली की हात नुसता फिरत राहायचा, आणि भाकरी अशी पातळ, अशी गोल. पहिल्याच दिवशी बद्रीनाथराव घास तोंडात ठेवून डोळे मिटून म्हणाले होते, "आईची आठवण आली गं अक्का." एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं. पण मालनबाई प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन समोरच बसल्या होत्या, आणि तोवरच्या सदतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या भाकरीनं कुणाला कुणाची आठवण आली नव्हती. अक्का जाताना म्हणाल्या, "मालन, न्हाई जमलं तं निरोप धाड, मी येऊन राहीन." मालनबाई हसून म्हणाल्या, "न जमायला काय झालं?" बस हलली तसा त्यांनी प्लास्टरातून नुकताच सुटलेला हात वर करून निरोप दिला, आणि तो खाली घेताना डोळ्यांत पाणी आलं ते बघणाऱ्यांना मायेचं वाटलं.

कारण हात जमत नव्हता. भाकरी थापायची तर तळहाताच्या मुळाशी जोर लागतो, पीठ दाबत दाबत फिरवावं लागतं, आणि नेमकं तिथंच चाकू फिरल्यासारखं व्हायचं. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा धरून ठेवणारा चिकटपणा नसतो, त्याला हातानंच धरून ठेवावं लागतं, आणि हात तर हा असा. लाटण्यानं लाटावी तर तिचे तुकडे होतात. तेव्हा शेजारच्या सुरेखानं सांगितलं. सुरेखा बिचारी सरळ मनाची, तिच्या घरात कुणाला साखर नाही. "काकू, निम्मा मैदा घाला ना. मूठभर तांदळाचं पीठ, चमचाभर तेल, गरम पाण्यात मळा अन् खुशाल लाटा. आमचे पोरं ती बराबर खातेत." मालनबाईंनी ते एक दिवसापुरतं केलं. एकच दिवस, हाताला आराम म्हणून. लाटण्याला जोर लागत नव्हता, डाव्या हातानंही चाललं असतं. भाकरी टम्म फुगली, मऊसूत झाली. फक्त तिच्या कडा फार नीट होत्या. थापलेल्या भाकरीच्या कडांना चिरा असतात. ह्या कडा पोळीच्या कडांसारख्या गुळगुळीत. तेव्हा मालनबाईंनी बोटाच्या नखानं कडेला बारीक बारीक चिरा पाडल्या, आणि वरून चार बोटं दाबून त्यांचे ठसे उमटवले. बद्रीनाथरावांनी ती खाल्ली. अजून एक मागितली. मग अजून एक.

एका दिवसाचे दोन झाले आणि दोनाचे दीड वर्ष. मैद्याची पुडी डाळींच्या डब्यामागे असायची. रोज दोन वेळा, बद्रीनाथराव बाहेर ओट्यावर पेपर वाचत असताना, मालनबाई लाटणं वाजू नये म्हणून पोळपाटाखाली फडकं अंथरत आणि भाकऱ्यांच्या कडा नखानं फोडत बसत. चोरी म्हणावी तर यात मिळत काय होतं? आणि तरीही एखाद्या दिवशी कडा फारच हुबेहूब जमल्या की आत कुठंतरी बरं वाटायचं, हेही खोटं नव्हतं. बद्रीनाथराव पूर्वी दोन भाकऱ्यांवर हात धुणारे, ते आता तीन खात, चार खात. माणूस आपल्या हातचं मागून खातोय याचं सुख मालनबाईंना झालं होतं. मेली ती भूक, मेलं ते सुख. रिक्षात बसून त्यांना ते आठवलं आणि त्यांनी दातांखाली पदर धरला. डॉक्टरांना बद्रीनाथरावांनी वेळेला दोन सांगितल्या होत्या, खायचे चार. एवढं एक खोटं त्यांचं स्वतःचं होतं. बाकीचं सगळं आपलं.

घरी आल्यावर त्यांनी जे केलं ते शहाण्या बाईनं करावं तसंच केलं, असं त्यांना वाटलं. सांगितलं नाही, सुधारलं. मैद्याची पुडी उकिरड्यावर रिकामी केली. हसनाबादहून दिरानं पाठवलेली ज्वारी कोठीत पडून होती, ती पाखडली, निवडली आणि गिरणीत नेऊन ख्वाजामियाँना म्हणाल्या, "भाऊ, जरा भरड काढा." ख्वाजामियाँ हसले, "काय भाभी, दीड साल झालं, ज्वारी निम्मीच आणत व्हते ना तुम्ही? किती दिवसांनी भरला डबा दिसून राह्यला." भर गिरणीत ते वाक्य आपटल्यासारखं वाटलं. चार बायका उभ्या होत्या. कुणाला त्यात काही वाटलं नाही, कुणाला का वाटावं? मालनबाई मात्र डबा घेऊन घरापर्यंत जवळजवळ पळत आल्या.

संध्याकाळी त्या परातीसमोर बसल्या. हात मनगटाशी जुन्या साडीच्या पट्टीनं घट्ट आवळून घेतला, तोंडात पदराचा बोळा धरला आणि थापायला लागल्या. डाव्या हातानं फिरवायचं, उजव्याच्या मुठीनं दाबायचं. जाड झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, एक मधोमध दुभंगली; पण ज्वारीच्या होत्या. दोनच केल्या, तिसरी करायला हातात काही उरलं नव्हतं. कडांना चिरा आपोआप पडल्या होत्या. सोबत मटकीची उसळ आणि मेथी. बद्रीनाथरावांनी पहिला घास घेतला आणि थांबले. क्षणभर ताटाकडे बघितलं, मग मालनबाईंकडे, मग पुन्हा ताटाकडे. "आज दडस झाली, चावत न्हाई," एवढंच म्हणाले. दीड भाकरी खाऊन उठले. मालनबाईंना वाटलं, बरंच झालं, कमी तेवढं चांगलं.

मग आठ दिवस त्या एका वेगळ्याच धुंदीत होत्या. रोज सकाळी बद्रीनाथराव बोटाला टोचून आकडा मोठ्यानं वाचत. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे सव्वीस. एकशे चार. मालनबाई आतून ऐकत, आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं थोडं उतरत होतं. मनगट सुजून लुगड्याच्या गाठीएवढं झालं होतं, हात रात्रंदिवस ठणकत होता, आणि त्या ठणक्याचं त्यांना मनातून बरं वाटत होतं, आपण केलेलं आपणच फेडतोय म्हणून. बद्रीनाथराव कमी कमी खात. कधी एक, कधी पाऊण. "भूक न्हाई," म्हणत. चिडचिड करत, दुपारी उगाच घाम येतो म्हणत. दुप्पट झालेली गोळी मात्र वेळच्या वेळी घेत, माणूस औषधाला फार शिस्तीचा. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी वाचलं, "शहात्तर." मालनबाईंनी देवापुढं साखर ठेवली. घरात साखर ठेवायची ती आता एवढ्यापुरतीच.

नवव्या दिवशी अकराच्या सुमारास ओट्यावर पेपर पडल्याचा आवाज आला. पेपरचा आवाज तो किती, पण मालनबाईंच्या हातातली पळी तिथंच राहिली. बाहेर आल्या तर बद्रीनाथराव खांबाला टेकून बसले होते, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, ओठ हलत होते. "अक्का," ते म्हणाले, सरळ मालनबाईंच्या तोंडाकडे बघून, "अक्का, गाडी बदनापूरला थांबून राह्यली, मला उतरू दे." तीस वर्षं ते बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रावर माळी म्हणून जालन्याहून गाडीनं जात-येत होते. मालनबाईंनी त्यांचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता आणि थरथरत होता. "अहो, मी मालन! अहो, माझ्याकडं बघा!" ते बघत होते, पण त्यांना दिसत होतं दुसरंच कोणी. मग डोळे वर गेले. मालनबाईंनी किंकाळी फोडली ती त्यांना स्वतःला ऐकू आली नाही. सुरेखा धावत आली, तिनंच यंत्र शोधलं, बोटाला टोचलं. एकोणचाळीस. "काकू, साखर कुठंय? साखर आणा जल्दी!" आणि देवापुढची साखर मालनबाईंनी मुठीत भरून आणली, हीच ती साखर, काल आनंदानं ठेवलेली, आणि ती त्यांच्या गालाच्या आत चोळताना त्यांना एवढंच समजत होतं की आपण दुसऱ्यांदा याला मारतोय. आधी चढवून, आता उतरवून.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चार खाटा होत्या. तीन रिकाम्या, खिडकीजवळच्या चौथीवर बद्रीनाथराव. सलाईन लागलं, तासाभरात माणूस माणसात आला, टोपी मागू लागला. डॉक्टर आसिफा पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, कपाळाला आठ्या. "काका, खाण्यात काय बदललं? काहीतरी बदलल्याशिवाय असं होत नाही." मालनबाईंनी श्वास घेतला. आता सांगायचंच होतं. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात बद्रीनाथराव म्हणाले, "काहीच न्हाई बदललं, मॅडम. ज्वारीचीच भाकर. पहिलं तीच, आताबी तीच." आणि हे म्हणताना त्यांनी मालनबाईंकडे बघितलं. एक नजर, पुरती पापणी लवायच्या आत संपलेली. पण त्या नजरेत काय होतं ते मालनबाईंना दिसलं, आणि सांगायचं होतं ते तसंच राहिलं.

"मग मला किडनीचीच शंका येते," डॉक्टर म्हणत होत्या. "किडनी थकली की गोळी अंगात साचत जाते. संभाजीनगरला पाठवावं लागेल, सगळ्या तपासण्या. मी रक्ताचं सांगून येते." त्या गेल्या. सलाईनचे थेंब पडत होते. खाली रस्त्यावर कुणाची तरी वरात होती, ढोल वाजत होते. मालनबाई खाटेच्या कडेवर बसल्या.

"तुमाला ठाव व्हतं?"

बद्रीनाथराव छताकडे बघत राहिले. "काय?"

"पिठाचं."

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग घसा खाकरून म्हणाले, "जनम गेला माझा दाण्यात. मैदा कळत न्हाई का मला? पहिल्याच घासाला कळलं."

मालनबाईंना वाटलं खाट हलतेय. पहिल्याच घासाला. म्हणजे ते पोळपाटाखालचं फडकं, ती डाळींमागची पुडी, त्या नखानं फोडलेल्या कडा, एक एक, दिवसाला आठ आठ, दीड वर्ष. ते सगळं त्या कुणासमोर करत होत्या? ज्याच्यापासून लपवायचं तो ओट्यावर बसून वाट बघत होता. "मंग बोलले का न्हाई?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांना परका वाटला.

"मऊ लागायची," बद्रीनाथराव म्हणाले. त्यांनी ते लपवलंही नाही, उलट त्या आठवणीनं त्यांच्या तोंडावर थोडी रया आली. "दाढा न्हाईत मला. ती तोंडात ठेवली की विरघळायची. चार कवा व्हायच्या कळायचं न्हाई. अन् म्हनायला ज्वारीचीच. म्हटलं, बोललो तं बंद करशील तू."

अजून एक गोष्ट उरली होती. मालनबाई वाट बघत राहिल्या. त्यांना वाटलं, आता ते म्हणतील. मैदा का घालावा लागला, कोणत्या बाईला भाकरी लाटून तिच्या कडा फोडायची हौस असते, हे ज्याला पहिल्या घासाला कळलं त्याला पुढचं कळलंच असणार. त्यासाठीच तर हे गप्प बसले असतील. ते तेवढं म्हणाले असते तर मालनबाईंनी बाकीचं सगळं, मऊ भाकरीसकट, तिथल्या तिथं गिळून टाकलं असतं. शेवटी त्यांनीच पदराखालून हात काढला आणि त्यांच्यासमोर धरला, पट्टी बांधलेला, सुजलेला. "अन् हे? हे ठाव व्हतं?"

बद्रीनाथरावांनी हाताकडे बघितलं. मग मालनबाईंच्या तोंडाकडे. ते खरंच गोंधळले होते. "हाताला काय झालं?"

खालची वरात पुढं गेली. मालनबाईंना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आत सगळं सुन्न झालं होतं. एकोणचाळीस वर्षं त्या या माणसाच्या समोर वावरल्या होत्या. त्याला भाकरीतला मैदा कळला, आणि ती करणारा हात कळला नाही. त्यांना अक्कांचा राग आला नाही, सुरेखाचा आला नाही, आणि पहिल्यांदाच, दीड वर्षात पहिल्यांदाच, स्वतःचाही आला नाही.

डॉक्टर आसिफा कागद घेऊन परत आल्या. मालनबाई उभ्या राहिल्या. "मॅडम, त्यांना कुठं पाठवू नका. लिहून घ्या. एक वाटी ज्वारी, एक वाटी मैदा, मूठभर तांदळाचं पीठ, चमचाभर तेल. अशा भाकरी खायचे ते, दीड वर्ष, एका वेळेला चार. तुम्ही गोळी वाढवली त्या रोजी मी मैदा बंद केला. नऊ दिवस झाले, निव्वळ भरड ज्वारी अन् उसळ. एक खात्यात, कधी पाऊण." पाहुण्या बाईला कृती सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं, न अडखळता. डॉक्टरांनी हातातला कागद खाटेच्या कडेवर टेकवला. मग त्यांनी भराभर काहीतरी खोडलं, भराभर लिहिलं. "काकू," त्या हळूच म्हणाल्या, "आज सांगितलं नसतं तर माझा गोळीचा अंदाज पुन्हा चुकला असता. घरी झोपेत गेले असते हे." मालनबाईंनी मान हलवली. ते त्यांना कळलं होतं, म्हणूनच त्या उभ्या राहिल्या होत्या.

डॉक्टर खाटेकडे वळल्या. "आणि काका, तुम्हाला चव नाही कळली? दीड वर्ष?"

बद्रीनाथरावांनी टोपी नीट केली. मालनबाईंकडे त्यांनी या वेळी बघितलं नाही. "न्हाई ना मॅडम," ते म्हणाले, गरीब तोंड करून. "आपल्याला काय समजतंय त्यातलं? बायको ताटात टाकील ते खानारा मानूस म्या. तिनं असं करावं, आता काय बोलावं?"

डॉक्टरांनी मान खाली घालून लिहायला घेतलं.

"कळत व्हतं त्यांना," मालनबाई म्हणाल्या. "पहिल्या घासापासून. तेबी लिहा, मॅडम."